हा माणूस जागा आहे

माझ्या सासूबाईंना बोलण्याचा पगार मिळतो. थट्टा नाही करत. हॉस्पिटलच्या कागदावर त्यांच्या हुद्द्यापुढे 'मदतनीस' असं काहीतरी गुळमुळीत लिहिलंय, पण काम एकच. सर्पदंशाच्या खोलीत खुर्ची ओढून बसायचं आणि पेशंटच्या कानाशी बोलत राहायचं. सगळं हॉस्पिटल त्यांना रेडिओबाई म्हणतं, आणि त्यांना त्याचा राग नाही. उलट कोणी नवी नर्स चुकून 'आजी' म्हणाली तर तिला थांबवून सांगतात, "आजी घरी. इथे रेडिओबाई."

मी त्याच इमारतीत, त्यांच्या खोलीला लागून असलेल्या प्रयोगशाळेत काम करते. रक्ताच्या नळ्या यंत्रात गरगर फिरवायच्या, वर आलेलं पिवळट पाणी अलगद काढून घ्यायचं आणि त्यात सापाचं विष अजून किती उरलंय ते मोजायचं. मधल्या भिंतीत नळ्या द्यायघ्यायला एक छोटी खिडकी आहे, ती दिवसभर उघडीच असते. म्हणजे घरी सासू, कामावर सासू आणि मधल्या बसमध्येही सासू. मैत्रिणी माझी कीव करतात. करू देत बापड्या. त्यांच्या सासवा त्यांच्याशी बोलतात. माझ्या सासूचं बोलणं दिवसभरात कामावर संपून जातं, घरी आल्यावर मला आयती शांतता.

ती खोली तुम्ही बघायला हवी. पडदे फिकट हिरवे, त्यातून येणारा उजेडही तसाच, पाण्याखालून आल्यासारखा. श्वासाचं यंत्र हळूच भरतं, हळूच रिकामं होतं. थोडा वेळ उभं राहिलं की आपलाही श्वास त्याच्याच तालावर चालायला लागतो आणि आपण इथे कशाला आलो होतो तेच आठवेनासं होतं. मी कितीदा तरी नळी हातात घेऊन तशीच उभी राहिलेय. मग सासूबाई तोंडावर बोट ठेवतात आणि दुसऱ्या हाताने मला हाकलतात.

आमच्याकडे येणारे बहुतेक पेशंट मण्यारीचे. हा साप मोठा सभ्य. माणूस अंथरुणात झोपलेला असताना येतो, चावतो आणि निघून जातो. दुखत नाही, सुजत नाही. माणूस कूस बदलतो, एखादं अर्धवट स्वप्न बघतो, पुन्हा झोपतो. मग पोटात कळ येते. पापण्या जड होतात आणि मिटतात त्या मिटतातच. मग जीभ, मान, हातपाय, शेवटी छाती. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, संपलं. डोळ्यात बॅटरी मारली तरी बाहुली हलत नाही. आणि आत तो माणूस टक्क जागा असतो. सगळं ऐकत असतो.

आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आयुष्य या एकाच सापाला वाहिलंय. त्या म्हणतात, औषध रक्तातलं विष पकडतं, पण नसांच्या टोकांना त्याने एकदा धरलं की सोडवता येत नाही. ती टोकं नव्याने उगवावी लागतात, आणि तोवर हाती यंत्र आणि वाट बघणं. गावातल्या साध्या दवाखान्यातही देता येईल, पापण्या मिटायच्या आत देता येईल असं काहीतरी त्यांना शोधायचंय. आमच्या फ्रिजचे दोन कप्पे त्यांच्या त्या शोधाने भरलेत. बाई हुशार, पण केसात पेन खोचून तेच पेन सगळ्या इमारतीत शोधत फिरतात. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी त्यांनी एक पाटी लावलीय: 'हा माणूस जागा आहे.' खाली बारीक अक्षरांत नियम: हळू बोला, काय करणार ते आधी सांगा, धीर द्या, चांगलं बोला.

सासूबाई नियम पाळतात, आपल्या पद्धतीने. "सकाळ झालीय बरं का. उन्हाची पट्टी तुमच्या डाव्या गुडघ्यावर आलीय, कळतंय का ऊन? बाहेर कोणीतरी चादरी झटकतंय. आता नर्स येईल आणि तुम्हाला कुशीवर वळवेल. दचकू नका, तिचे हात गार आहेत, मन चांगलंय." असं तासन् तास. मध्येच आमच्या घरातलं काहीही सांगतात. माझा भात कसा गिच्च झाला हे किती अनोळखी माणसांनी डोळे मिटून ऐकलंय देव जाणे. एक शेतमजूर बरा होऊन निघाला तेव्हा माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "ताई, पाणी जरा कमी घालत जा."

हे काम त्यांना कसं मिळालं? त्या स्वतः तिथे जाऊन आल्यात म्हणून. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, उकाड्याचे दिवस, जमिनीवर अंथरूण. मण्यार. तेव्हा यंत्र नव्हतं. घशात नळी आणि नळीला रबरी पिशवी, ती घरच्यांनी आळीपाळीने हाताने दाबायची. "दाबणारा पेंगला की माझा श्वासही पेंगायचा," त्या म्हणतात. आतलं कसं होतं ते त्या सांगतात तेव्हा आवाज खाली जातो, आणि त्यांचं ते सांगणं मी कितीही वेळा ऐकलं तरी हातातलं काम थांबतं.

"आधी भीती वाटते. मग भीतीचाही कंटाळा येतो. मग आपण पातळ होत जातो गं. हात कुठे संपला आणि गादी कुठे सुरू झाली ते कळत नाही. आवाज बाहेर नसतातच, आपल्या आत असतात. कोणी चमचा पाडला की तो माझ्या पोटात पडायचा. कोणी दार लोटलं की मी उघडायचे. तुझे सासरे बसलेत हे मला त्यांच्या गप्प बसण्यावरून कळायचं."

माझे सासरे तेव्हा बस कंडक्टर होते. जन्माचे अबोल. बायकोशी बोलत राहा म्हटल्यावर त्यांना काही सुचेना, म्हणून ते पिशवी दाबत दाबत आपल्या बसचे थांबे म्हणायचे. डेपो. पाण्याची टाकी. मुलींची शाळा. जुना पूल. पिठाची गिरणी. शेवटपर्यंत जायचे आणि उलटे परत यायचे. सासूबाई मनाने खिडकीजवळच्या सीटवर बसून जायच्या. पुलावर वारा लागायचा. एकदा सासऱ्यांनी गिरणीचा थांबा गाळला आणि आत सासूबाईंचा संताप संताप झाला, कारण त्यांना तिथेच उतरायचं होतं. आणि सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचं, आमच्या आत्याबाईंचं, एक वाक्य, "हिचे कानातले कुठे ठेवलेत?" तेही त्यांनी ऐकलं. तोंडातली नळी निघाल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय मागितलं, तर कानातले. दोघींचं अजून सरळ नाही.

डॉक्टरीणबाई त्यांना वरिष्ठांच्या बैठकांनाही घेऊन जातात. यंत्रं हवीत, औषध इथल्याच सापांच्या विषावर तपासलेलं हवं, लहान दवाखान्यातल्या माणसांना शिकवायला हवं, यासाठी डॉक्टरीणबाई आकडे मांडतात आणि साहेब लोक चहा पितात. मग सासूबाई उभ्या राहतात. "साहेब, सगळ्यांनी डोळे मिटा. हात टेबलावर. हलायचं नाही, बोलायचं नाही." आणि मग त्या टेबलाभोवती सावकाश फिरत बोलायला लागतात. "या साहेबांनी केस रंगवलेत, पण मागे विसरलेत. हे गेले तर यांच्या खुर्चीवर कोण बसणार हो? यांचं आता काही खरं नाही, उगाच यंत्र कशाला अडवायचं?" "उघडा डोळे," त्या म्हणतात, "आम्हाला नाही उघडता येत." आमच्या खोलीतलं दुसरं यंत्र अशाच एका बैठकीतून आलं.

तर असं सगळं मजेत चाललेलं, आणि तो सुतार आला.

सुतार म्हणजे तरुणच माणूस, रुंद पंजे, नखांत लाकडाचा भुसा. नवं घर बांधत होता. दुनियेची दारं करता करता स्वतःच्या घराचं दार बसवायचं राहून गेलेलं. तिघं जमिनीवर झोपले होते: तो, बायको आणि शाळेतही न जाणारी लहानशी मुलगी. मण्यार त्याला चावली आणि मुलीलाही. पोर वाटेतच गेली. त्याला आमच्याकडे आणलं तेव्हा पापण्या पूर्ण मिटल्या होत्या आणि मान लटकत होती. दोघांच्याही रक्ताच्या नळ्या माझ्याकडे आल्या. एकाच स्टँडवर, शेजारी शेजारी, आडनाव एकच. मुलीची नळी अर्धीच भरलेली. मी मोजमाप केलं, नोंद केली आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. रडले म्हणा ना. कशाला लपवायचं?

नातेवाइकांनी बाहेरच्या बाकावर ठरवून टाकलं की त्याला कळता कामा नये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोळे उघडू देत. तोवर कोणी हा विषय काढू नका." त्यात काही वावगं नव्हतं. या विषाने नाडी आधीच भडकलेली असते, रक्तदाब वरखाली होतो. असाच धक्का बसून एक पेशंट त्यांच्या हातून गेला होता आणि त्यांना तो अजून स्वप्नात दिसतो. पण विषय न काढणं वेगळं आणि खोटं सांगणं वेगळं. सुताराच्या बायकोने पहिल्या दिवशीच पाटीखालचे नियम वाचले, 'चांगलं बोला' वाचलं, आणि ती आत जाऊन हसऱ्या आवाजात म्हणाली, "छकुली बरी आहे हं. बाहेर खेळतेय. तुम्ही लवकर उठा." बाहेर आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, छकुलीने तुमच्या रंध्याच्या साली गोळा केल्यात. तिसऱ्या दिवशी छकुलीचा दात पडला. अहो, ती पोर तिथे रोज मोठी होत होती.

सासूबाई खिडकीबाहेर बघत बसायच्या. त्या उन्हाचं सांगत, चादरींचं सांगत, माझ्या भाताचं सांगत. मुलीचं अवाक्षर काढत नसत. मग एकदा त्या बायकोने त्यांचा हात धरला. "रेडिओबाई, तुमचं ते ऐकतात. तुम्ही आलात की नाडी खाली येते, नर्स म्हणाली. तुम्ही पण सांगा ना, छकुली बरी आहे म्हणून. माझा आवाज आता मलाच खोटा वाटायला लागलाय."

"बघते," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं तोकडं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.

आणि नेमका त्याच सुमाराला अंगठा सापडला. मण्यारीच्या पेशंटचं असं होतं कधी कधी, सगळं शरीर गेलेलं असतं आणि एखादं बोट तेवढं शिल्लक असतं. डॉक्टरीणबाईंनी चादर वर करून उजव्या पायाचा अंगठा दाखवला. हलव म्हटलं की हलतो! एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. डॉक्टरीणबाई लहान मुलीसारख्या टाळ्या पिटायच्या बाकी होत्या. पाठ दुखतेय? हो. पंखा बंद करू? नाही. रेडिओबाईंना गप्प करू? नाही, नाही. आम्ही सगळे हसलो.

मग प्रश्न संपले आणि अंगठा थांबेना. कोणी काही विचारलेलं नव्हतं आणि तो हलतच होता. एकदा, दोनदा नाही, सलग, दारावर कोणी सारखं वाजवत राहावं तसा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आचके असतील." तरी त्यांनी विचारून पाहिलं. तहान? नाही. दुखतंय? नाही. आणि पुन्हा ते वाजवणं सुरू.

"विचारतोय तो," सासूबाई म्हणाल्या. त्या उठल्या आणि खोलीबाहेर गेल्या. तरातरा माझ्या प्रयोगशाळेत आल्या, स्टुलावर बसल्या आणि फ्रिजकडे बघत राहिल्या. रेडिओ बंद. मी चहा पुढे केला, तो गार झाला. घरी ज्या शांततेचं मला इतकं कौतुक, ती कामावर अशी येईल असं वाटलं नव्हतं. मला भीतीच वाटली.

डॉक्टरीणबाई पाठोपाठ आल्या. "मावशी, त्याला तुमची सवय झालीय. तुम्ही अशा उठून आलात तर कसं चालेल?"

"तुमच्या पाटीवर लिहिलंय, चांगलं बोला. खरं बोला असं नाही लिहिलेलं."

"दोन्ही एकदम जमत नाही म्हणून नाही लिहिलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, थकल्या होत्या. "नाडी बिघडली तर माझ्याकडे फार काही नाही हो करण्यासारखं. त्याचा जीव जाईल."

"आणि खोटं बोलून जगवलं तर उठून तो आपल्याला काय म्हणेल?"

"उठेल तर. आधी उठू दे."

दोघीही बरोबर होत्या, हीच तर पंचाईत. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "मी नाही सांगणार. ते माझं नाहीच सांगायचं. पण त्याच्या बायकोशी मला बोलू द्या. तिने ठरवलं की तुम्ही इंजेक्शन घेऊन शेजारी उभ्या राहा." डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ केसांतलं पेन चाचपलं आणि होकाराची मान डोलावली.

बायको बाकावर बसली होती. सासूबाई तिच्याशेजारी बसल्या. मी चहाचे कप घेऊन गेले आणि तिथेच खिळले, कारण सासूबाई जे बोलल्या ते मी, त्यांची सून, एवढ्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. बैठकीतही नाही, घरीही नाही.

"मला मण्यार चावली त्या रात्री अंथरुणात मी एकटी नव्हते. माझी धाकटी बहीण चार दिवस राहायला आली होती. तिलाही चावली होती. ती पहिल्याच दिवशी गेली. मला सगळ्यांनी सांगितलं, ती बरी आहे, पलीकडच्या खोलीत आहे, भात खाल्ला, तुझी वाट बघतेय. मी आत पडून तिच्याशी बोलायचे. ती खिडकीत येऊन बसायची, पाय हलवत. आम्ही दोघींनी शिवणाचं दुकान टाकलं. मशीन कुठे ठेवायचं यावरून भांडलो. तिला दाराशी हवं होतं, उजेड येतो म्हणून. मी म्हटलं, धूळ बसेल. शेवटी मी ऐकलं तिचं. पडदा निळा लावला." सासूबाई थांबल्या. "डोळे उघडले आणि मी आधी पलीकडच्या खोलीत जायचा हट्ट धरला. मग सांगितलं मला. बाई, मला ती गेल्याचं दुःख नंतर झालं. आधी वाटलं, मग मी इतके दिवस बोलत कोणाशी होते? सगळे बाहेर एकत्र रडून मोकळे झाले होते. माझी वेळ आली तेव्हा कोणाच्या डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं. मी एकटी."

सुताराची बायको त्यांच्याकडे वळून बसली.

"एकानेच खोटं सांगितलं नाही. नवऱ्याने. त्याला खोटं बोलवेना आणि खरं सांगू देत नव्हते, म्हणून तो नुसते बसचे थांबे म्हणत बसला. माणसांत परत यावंसं वाटलं ते त्याच्यामुळे. पण तोही थांबेच म्हणत राहिला, त्याने सांगितलं असतं तर... जाऊ दे."

बसमध्ये रोज माझ्या शेजारी बसणारी ही बाई. माझी आई गेली तेव्हा हिने मला उशाशी बसून रडू दिलं होतं, एकदाही 'पुरे आता' म्हटलं नव्हतं. का ते मला त्या बाकापाशी कळलं. मी कप बाकावर ठेवले.

"ते मरतील," बायको पुटपुटली.

"मरेल कदाचित. मी खोटं नाही सांगणार."

"मला सांगता येणार नाही. तुम्हाला माहीत नाही मला का येणार नाही."

"तेही नको सांगूस मला."

तिने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "तुम्ही शेजारी थांबाल?"

"थांबेन. पण बोलणार नाही."

दुपारचा उजेड होता, पडद्यांतून हिरवा झालेला. डॉक्टरीणबाई एका बाजूला, हातात सुई, नजर यंत्रावर. सासूबाई भिंतीशी. बायको पायांपाशी बसली, डोक्याशी नाही. तिने दोन्ही हातांनी त्याचं पाऊल धरलं. आवाज तो हसरा आवाज नव्हता. तिचा खरा आवाज आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला, जरा भसाडा होता.

"अहो, छकुली नाहीये. इथे पोचायच्या आधी, वाटेतच गेली. मी रोज खोटं बोलले. दात पडला नाही. काहीच झालं नाही. ती नाहीये."

श्वासाचं यंत्र आपल्या तालात भरत राहिलं, रिकामं होत राहिलं. त्याला काय पडलंय? नाडीचा आकडा मात्र चढू लागला, चढतच गेला, कुठल्याशा मर्यादेनंतर नाडीचं यंत्र टीं टीं करायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी सुई पुढे केली, पण टोचली नाही. त्यांचे ओठ हलत होते. मिटलेल्या पापण्यांच्या कडेने पाणी बाहेर आलं आणि कानाकडे वाहत गेलं. चेहरा तसाच, दगडी, एक सुरकुती हलली नाही. नुसतं पाणी. आणि अंगठा बायकोच्या तळहातात हलत होता. 'हो' म्हणून नाही, 'नाही' म्हणूनही नाही, नुसता हलत होता. तिने पावलावर कपाळ टेकलं आणि मग ती जी रडली, ते रडणं इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. आकडा हळूहळू खाली आला. किती वेळाने ते मला सांगता येणार नाही, त्या खोलीत वेळ तसाही नीट चालत नाही. डॉक्टरीणबाईंनी सुईला टोपण लावलं आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्यानंतर बायको आत बसून मुलीबद्दल बोलायला लागली. खरं खरं. कशी होती, काय मोडायची, कशाला हट्ट करायची. सासूबाईंना त्या खोलीत आता काही कामच उरलं नाही. त्या स्टूल घेऊन माझ्याकडे येऊन बसायच्या आणि माझ्या नळ्यांना नावं ठेवायच्या. घरी येताना बसमध्ये त्यांनी मला एकदा बहिणीबद्दल सांगितलं. डावखुरी होती. कात्री तिला उलटी धरावी लागायची. मी त्यांच्या जवळ सरकून बसले.

पापण्या उघडायला लागल्या त्या आधी फटीएवढ्या. डॉक्टरीणबाई रोज पट्टी लावून मोजायच्या. मग मान धरू लागला. मग छाती. ज्या दिवशी घशातली नळी काढली त्या दिवशी सकाळपासून सगळी इमारत काही ना काही निमित्त काढून त्या खोलीपाशी घुटमळत होती. डॉक्टरीणबाईंनी बायको आणि सासूबाई सोडून सगळ्यांना पिटाळलं. मी माझ्या जागेवर, खिडकीशी होते, मला कोण पिटाळणार?

त्याने दोनतीनदा खोकून घसा मोकळा केला. पाणी नको म्हणाला. बायकोकडे बघितलं. इतक्या दिवसांनी दोघांची नजरानजर होत होती.

"तिने मला उठवलं होतं," तो म्हणाला. आवाज फाटका, अर्धा वारा. "पोटात दुखतंय म्हणाली. मी म्हटलं, झोप. सकाळी बघू. तेव्हाच उठलो असतो तर... तू म्हणायचीस खेळतेय, दात पडला. वाटेत तुझं रडणं ऐकलं होतं, मला माहीत होतं, ती नाही. मला वाटलं, माझ्यामुळे गेली म्हणून तू मला सांगत नाहीयेस. शिक्षा म्हणून."

बायकोने नाही म्हणून मान हलवली. खाटेच्या दांडीवर तिची बोटं पांढरी पडली होती.

"तुमच्याआधी ती माझ्याकडे आली होती," ती म्हणाली. "मला उठवलं तिने. मी डोळे पण उघडले नाहीत. म्हटलं, बाबांकडे जा."

सासूबाई पटकन त्याच्या खांद्याशी गेल्या, तो उठून बसायला बघत होता म्हणून. त्याला बसता येत नव्हतं. त्याने नुसता हात वर केला आणि तो बायकोच्या डोक्यावर पडला, अवघडलेला, जड. मग तो रडला. आता त्याच्याकडे आवाज होता, आणि तो आवाज जिन्यापर्यंत ऐकू गेला.